वामनराव आणि सभेबाहेरचं बाकडं

आपल्या माणसाचा विषय निघाला की वामनराव उठून बाहेर जात. मुलीचं स्थळ ठरवायला पाहुणे आले, तर हे पडवीत जाऊन बसले.

"अवो, तुमचाच चेडू मां ता?" काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कळवळल्या.

"म्हणानच तर! माझो हितसंबंध आसा!"

ही सवय त्यांना आमच्या बँकेने लावली: ज्याचा हितसंबंध, त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसायचं. मालवणातली छोटी खाजगी बँक, पाच संचालक. वामनराव निवृत्त हेडमास्तर, म्हणून संचालक. मी कारकून. सभेचं इतिवृत्त मी लिहायचो आणि लिहिताना वामनरावांना घाबरायचो. माझं एखादं वाक्य गुळमुळीत झालं की ते तिथेच थांबवत. "कोण म्हणालं ते लिहा. 'सर्वानुमते' हा शब्द झाकण घालायला नसतो."

एकदा रेडीच्या शाखेसाठी जागा भाड्याने घ्यायचा ठराव आला. जागा अध्यक्षांच्या मेहुण्याची. अध्यक्ष खुर्चीतच. बाकीचे तिघे छताकडे बघत होते.

वामनराव म्हणाले, "या विषयापुरतं अध्यक्षांनी बाहेर बसावं."

माझा टाक थांबला. माझी नोकरी अध्यक्षांच्या एका शब्दावर होती, आणि घरी खाणारी तोंडं सहा.

सभेत नेहमी शुद्ध बोलणारे अध्यक्ष एकदम मालवणीवर आले. "वामन्या! तू माका भायर काढतंस?" दोघे एका शाळेत, एका बाकावर वाढलेले. रोज संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जोडीने जायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या लिवा नको."

"लिहा," वामनराव म्हणाले.

पण मी लिहिलं. अध्यक्ष उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ते गेल्यावर तिघांना कंठ फुटला. भाडं फार, भिंतींना ओल. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही मागवली. त्यांनी ओळ न ओळ वाचली आणि मुकाट्याने सही केली. माझी नोकरी राहिली. वार्षिक सभेत मात्र संचालकपदासाठी वामनरावांचं नाव कोणी सुचवलंच नाही. धक्क्यावरची जोडीही मोडली.

पावसाळ्यात अध्यक्षांचा दमा उसळला. एका सकाळी वामनराव माझ्या दारात उभे. हातात घरी केलेल्या अडुळशाच्या पाकाची बाटली. अध्यक्ष दरवर्षी दम्यावर हाच पाक घ्यायचे.

"त्येका दी. माझा नाव सांगा नको."

मी बाटली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि ती कोटाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी वामनरावांनी वाटेतच गाठलं.

"घेतल्यान?"

"घेतली."

"कोणी दिल्यान, असा इचारल्यान?"

"नाही विचारलं."

वामनराव समुद्राकडे वळले.

"इचारूक नाय," ते म्हणाले, "म्हणजे वळाखल्यान."