मृगांकपुरात मुलगी देण्याविषयी

राहायचे गाव निवडताना माणसाने आधी पाणी पाहावे, मग शेजार पाहावा, असे जुनी माणसे सांगत आली. पण जी गावे मुळात नाहीतच, तिथे राहण्यात धोका किती, याचा विचार धार शहरातल्या विहीर-सुधारक पंचमंडळाखेरीज कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हे मंडळ गल्लीतल्या चौकोनी विहिरीचा गाळ काढण्यासाठी स्थापन झाले होते. अध्यक्ष दत्तोपंत. नोकरीतून मोकळे झालेले, करड्या मिशांचे, शिस्तीचे गृहस्थ. कोणतेही काम अर्धवट विचाराने सुरू करू नये, हा त्यांचा बाणा होता. (विचार पूर्ण व्हायचा असल्याने काम अद्याप सुरू झाले नव्हते.) दर शनिवारी पंच त्यांच्या ओसरीवर जमत, विहिरीचा विषय एकमताने पुढच्या शनिवारवर ढकलत, आणि मग दत्तोपंतांची मुलगी विनोदिनी कादंबरी वाचून दाखवी.

कादंबरी इतर लोक करमणुकीसाठी ऐकतात. दत्तोपंत कर्तव्यबुद्धीने ऐकत. कोण कुठे मेला, कशाने मेला आणि त्या गावची वस्ती अंदाजे किती, हे ते मनाशी टिपून ठेवत. त्यातूनच राहण्यास अत्यंत धोक्याच्या काल्पनिक गावांची प्रतवारी तयार झाली. तिसरा क्रमांक वेताळगडाचा. तिथे प्रत्येक घराखाली भुयार आहे आणि भुयारात शिरलेला माणूस परत येतो तो फक्त हाडांच्या रूपाने. दुसरा क्रमांक हिरण्यनगरचा, कारण तिथे एक अत्यंत चतुर गुप्त हेर राहतो. तो ज्या घरी जेवायला जातो त्या घरी सकाळी मुडदा सापडतो. हेराला गावाबाहेर काढले तर गाव आपोआप सुरक्षित होईल, अशी सूचना दत्तोपंतांनी लेखकाला कळवली होती. (उत्तर आले नाही. लेखक कृतघ्न असतात.)

पहिला क्रमांक निर्विवाद मृगांकपूरचा. हे गाव एका मासिकातून दर महिन्याला थोडे थोडे प्रसिद्ध होत होते. गावाच्या मधून रस्ता, रस्त्याच्या उजवीकडे एका राजाचे राज्य, डावीकडे दुसऱ्याचे. खुनी उजवीकडे खून करी, रस्ता ओलांडून डावीकडे जाई आणि पान खात उभा राही. शिपाई अलीकडून नुसते पाहत. ज्याला ही कल्पना अचाट वाटेल त्याने देवासला जाऊन यावे. तिथे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदतात. (खून मात्र तिथे होत नाहीत. लोक पान खाऊन घरी जातात.)

मृगांकपुरातले मृत्यू सरसकट नव्हते, हे दत्तोपंतांनीच प्रथम हेरले. तिथे सासरे मरत. एकावर झुंबर पडले, एकाला बासुंदी भोवली, एक गच्चीवरून खाली आला, चौथ्याला विड्यातून काही दिले गेले. जावई मात्र चारही धडधाकट. हे अनुमान दत्तोपंतांनी मांडले त्या शनिवारी कंदील नीट धरायला कोणी नव्हते, त्यामुळे वाचनाचा विरस झाला. (कंदील पाणक्या गणपत धरीत असे. तो बुधवारी पटकीने गेला. मंगळवारी तो म्हणाला होता, "बासाब, कुआ को पाणी बास मारे हे." पाण्याच्या वासाची ही सूचना योग्य वेळी विचारात घेतली जाईल, असे त्याला सांगण्यात आले होते.)

इथवर सारे शास्त्रीय पातळीवर होते. पण त्याच सुमारास विनोदिनीला देवासहून स्थळ आले. मुलगा नीलकंठ, शाळेत मास्तर, निर्व्यसनी, पत्रिका उत्तम जमलेली. दत्तोपंतांच्या घरात त्यांची विधवा थोरली बहीण अक्का राज्य करीत असे. तिला स्थळ पसंत होते. विनोदिनीला इतके पसंत होते की ती आठवडाभर खाली मान घालून हसत होती. मध्यस्थाने जाता जाता कौतुकाने सांगितले की मुलगा लिहितोसुद्धा, मृगांकपूरची ती कादंबरी त्याचीच.

दत्तोपंतांच्या हातातला अडकित्ता थांबला. जावयाच्या मनात सासऱ्याविषयी काय आहे, हे लग्नाआधी छापील मिळण्याचा योग फार थोड्या सासऱ्यांना लाभतो. त्यांनी स्थळाला सांगावा धाडला की विचार चालू आहे.

आता विचाराला वेळ नव्हता. यंदा जेठ महिना संपला की लग्नतिथी संपणार आणि पुढे सिंहस्थ. सिंहस्थात वर्षभर आपल्यात लग्ने होत नाहीत. विनोदिनीला सोळावे लागले होते आणि तेवढ्यावरच बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. सिंहस्थानंतर तिला बिजवराशिवाय कोणी विचारणार नाही, हे ती स्वतः जाणून होती.

"दत्तू," अक्का म्हणाली, "अरे कागदावरचे सासरे ते. शाईनं मेले."

"शाईनंच मरतात, अक्का. आधी मजकूर तयार होतो, मग माणूस."

"नाना," विनोदिनी दाराआडून म्हणाली, "चार गेले, पण पाचवे अजून आहेत."

हे खरे होते. मृगांकपूरचे दिवाण वीरसेन, कथेतले पाचवे आणि शेवटचे सासरे, गेल्या अंकाच्या अखेरीस पलंगावर बसले होते. जावयाने दिलेला दुधाचा पेला त्यांनी ओठांशी नेला, इतक्यात मजकूर संपला होता. दत्तोपंतांनी निर्णय दिला. त्या दुधाचे काय होते ते कळेपर्यंत लग्न ठरणार नाही, मोडणारही नाही.

मग गल्लीला दुसरा विषय उरला नाही. विनोदिनीची भूक गेली. अक्काने वीरसेनासाठी मारुतीला तेल बोलले. बायका ओट्यावर बसून दूध, पेला आणि जावई यांचा खल करीत. (भवानीबाईंनी या खलात मोठा भाग घेतला असता, पण त्या चैत्रातच गेल्या. त्यांची सूनही दोन दिवसांनी. ताप, असे गल्लीने ठरवले.) पंचमंडळाची तातडीची सभा भरली. मृगांकपूरच्या दिवाणांनी दूध पिऊ नये, असा ठराव दत्तोपंतांनी मांडला आणि रघुजी तांबटाने अनुमोदन दिले. ठरावाला मूळ अनुमोदक मोरोपंत होते, पण त्यांना सभेला येता आले नाही. (ते सकाळी ठणठणीत होते. दुपारी घागरभर पाणी प्यायले, आणि तिन्हीसांजेला त्यांना न्यावे लागले. जागा रिकामी असल्याची नोंद घेण्यात आली.) मोरोपंतांनी त्या सभेत विहिरीचा विषय घ्यायचाच, असा हट्ट धरला होता. माणूस गेल्यावर त्याचा हट्ट पुढे चालवणे शिष्टाचारात बसत नसल्याने तो सोडून देण्यात आला.

ठराव देवासला पोहोचला. नीलकंठ हा सरळ मुलगा. त्याने मध्यस्थाला विचारले, "भिया, ये क्या मामला है? दूध प्यायले तर माझं लग्न मोडतं?" मध्यस्थ हो म्हणाला. नीलकंठाने वाङ्मय आणि विनोदिनी यांत निवड करायला जेवढा वेळ लावला तेवढा त्याच्या भावी समीक्षकांनी क्षम्य मानावा. त्याने क्षणभरही लावला नाही.

पुढचा अंक आला तेव्हा ओसरी भरली होती. विनोदिनी वाचू लागली. वीरसेनांनी पेला ओठांशी नेला, इतक्यात खिडकीतून मांजराने उडी घेतली आणि दूध सांडले. अक्का घळघळा रडली. विनोदिनीने मासिक तोंडावर धरले ते बराच वेळ खाली घेतलेच नाही. (मांजर ते दूध चाटून मेले. मांजरे गणनेत धरत नाहीत.) वीरसेन वाचल्याबद्दल पेढे वाटण्यात आले. रघुजीच्या घरी पेढे द्यायला गेलेली बाई पुडा परत घेऊन आली, कारण तिथे घ्यायला कोणी नव्हते.

लग्न जेठ वद्यात घाईघाईने लागले. वऱ्हाड थोडे, देवासचेच. ते पोहोचायला उशीर झाला. आपले पाणी आपण आणलेले बरे, म्हणून त्यांनी वाटेतल्या झऱ्यावर गाडी थांबवून हंडे भरून घेतले होते. दत्तोपंतांना तो अविश्वास लागला, पण पाहुणे वरपक्षाचे म्हणून ते गिळून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला हौसेने गल्ली दाखवली. नीलकंठ चालता चालता थबकला.

"नाना, ही दारं सगळी बंद का?"

"हे गणपतचं. हे भवानीबाईंचं. हे मोरोपंतांचं, हे रघुजीचं. गेले."

नीलकंठ विहिरीपाशी गेला, वाकून पाहिले, उपरण्याने नाक झाकले. मग हळू आवाजात म्हणाला, "एका गल्लीत एवढी माणसं मी मारली असती तर संपादकानं मजकूर परत पाठवला असता. पटत नाही म्हणाला असता."

दत्तोपंतांचा जीव भांड्यात पडला. जे पटण्याजोगे नाही ते धोक्याचे असूच शकत नाही, आणि हे आता खुद्द लेखकाच्या तोंडून सिद्ध झाले होते. प्रतवारीत धारेतल्या गल्लीचे नाव घालण्याचा प्रश्नच मिटला.

निघताना विनोदिनी वडिलांच्या पाया पडली. तिचा हात त्यांच्या पायावर जरा जास्त वेळ राहिला. "नाना, तेवढी विहीर उपसून घ्या हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतले पाणी सासरी जाण्याचे आहे, असे सर्वांनी धरले. दत्तोपंतांनी येत्या शनिवारी विषय घेण्याचे वचन दिले. गाडी देवासच्या वाटेला लागली, म्हणजे पाहायला गेले तर मृगांकपूरच्याच.

शनिवारी सभा भरली, पण अनुमोदक नसल्याने विषय पुढच्या शनिवारवर गेला. अडचण एवढीच आहे. ती वाचकांच्या मदतीने सुटेल, असा मंडळाला भरवसा वाटतो. दूध सांडले तेव्हा आपणही सुटकेचा श्वास टाकलात. कंसांतल्या माणसांवरून आपण न अडखळता पुढे गेलात. आणि आता भवानीबाईंच्या सुनेचे नाव कोणी विचारले तर ते कोणी सांगितलेच नव्हते, हेही आपल्याला या क्षणीच जाणवले. मोरोपंतांची जागा रिकामी आहे. आपण यावे. पाणी घरचेच मिळेल.