चार लिटर चाळीस मिली

श्रीनिवासराव बेहेऱ्यांना फसवेल असा दुकानदार पुण्यात अजून जन्माला यायचा होता! हे मत खुद्द श्रीनिवासरावांचं होतं, आणि नारायण पेठेत ते त्यांनी इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की लोकांनी कंटाळून मान्य करून टाकलं होतं. वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस! खात्यातून निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. तीन काड्या कमी निघाल्या म्हणून त्यांनी काडेपेटी परत केली होती. मंडईतल्या भाजीवाल्या त्यांना पाहून आपण होऊन एक मिरची जास्त टाकत, आणि हे ती उचलून परत ठेवत. "कमी नको, जास्तही नको. बरोबर द्या!"

अशा माणसाच्या मुलाने, सौमित्रने, सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या जोरावर २००४ साली एक लाल गाडी घेतली. टर्बो इंजिनाची! इतर गाड्या दुसरा गिअर टाकेपर्यंत ही म्हणे शंभरावर जाते. जात असेल. नारायण पेठेत पुढे हातगाडी आणि मागे रिक्षा असताना तिला ते करून दाखवायची संधी काही मिळाली नव्हती. तेवढ्यात कंपनीने सौमित्रला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं. जाताना त्याने किल्ली वडिलांच्या हातात ठेवली.

"आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवा. चालवू मात्र नका, बाबा. तुम्हाला ही झेपायची नाही."

झेपायची नाही! हे दोन शब्द श्रीनिवासरावांना सहा महिने टोचत राहिले. दर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये जात, गाडी सुरू करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत आणि घड्याळ लावून दहा मिनिटं समोरच्या खांबाकडे पाहत बसत. पत्नी वासंतीबाई चहा खाली आणून देत. त्या एकदाही हसल्या नाहीत, आणि हे सोपं नव्हतं.

नोव्हेंबरात सौमित्रचा फोन आला. "बाबा, मी वीस तारखेला येतोय. त्याआधी गाडीचं ऑइल बदलून घ्या. फुल्ली सिंथेटिक, ग्रेड फाइव्ह डब्ल्यू फॉर्टी. वर्कशॉपला फोन करा, ते गाडी घेऊन जातील. तुम्ही स्वतः दुकानात जाऊ नका."

"का जाऊ नको?"

"प्लीज, बाबा. एवढं नीट झालं ना, तर रविवारी खडकवासल्यापर्यंत गाडी तुम्ही चालवायची. प्रॉमिस!"

फोन ठेवल्यावर श्रीनिवासरावांच्या कानात दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, गाडी आपण चालवायची. दुसरी, आपण दुकानात जायचं नाही. पहिली त्यांनी मनावर घेतली. दुसरी धुडकावून लावली.

गाडीबरोबर आलेलं दोनशे चौदा पानांचं पुस्तक त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन दोन दिवसांत वाचून काढलं. ते पूर्ण वाचलेला पुण्यातला हा बहुधा एकमेव माणूस. मग ते नाना पेठेत मच्छिंद्रच्या दुकानात गेले. मच्छिंद्र रोज धायरीहून मोपेडवर येई, दहाला दुकान उघडी आणि गिऱ्हाइकाशी लागतील तेवढेच शब्द बोले.

"सिंथेटिक ऑइल आहे?"

"आहे."

"दाखवा."

"डब्यात आहे."

"डबा उघडून दाखवा."

"घरी नेऊन उघडा."

"कशावरून चांगलं आहे?"

मच्छिंद्रने प्रथमच मान वर केली. "काका, विश्वास नसेल तर खोबरेल घाला."

श्रीनिवासरावांनी डबा घेतला, पक्की पावती घेतली, पावतीवरची तारीख तपासली आणि घरी येऊन आपली पितळी मापं काढली. डबा चार लिटरचा. पहिलं माप भरलं आणि त्यांचा चेहरा पडला. ऑइल अगदी पातळ! जेमतेम ताकाएवढं! त्यांच्या स्कूटरचं ऑइल कसं, ओतायला लागलं की ओतणाऱ्याला जांभई यायची. चारही मापं भरली, तरी डब्यात तळाशी काही उरलंच. मोजलं तर चाळीस मिली!

"जास्त भरलं!" श्रीनिवासराव ओरडले.

"बरं झालं की," वासंतीबाई म्हणाल्या.

"बरं कसलं? दुकानदार कधी जास्त देतो? गवळ्याचं दूध कधी वाढतं? पाणी घातल्यावर! सरळ भेसळ आहे ही!"

पुराव्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातली परात तिरकी धरली. वर काकवीचा थेंब, शेजारी स्कूटरच्या ऑइलचा, शेजारी सिंथेटिकचा. सिंथेटिक क्षणात तळाला! काकवी अजून विचारच करत होती.

"पाहिलंस? पळालं!"

"अहो, पण गाडी पळायचीच आहे ना?"

"वासंती, यात तुला कळत नाही."

वासंतीबाईंनी परात घासायला घेतली. त्यांना बरंच कळत होतं, पण परातीची काकवी वाळायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला 'जागरूक ग्राहक मंच' नाना पेठेत दाखल झाला. मंचात अध्यक्ष श्रीनिवासराव धरून पाच जण, पैकी दोघांना ऐकायला कमी येत असल्याने घोषणा जोरदार झाल्या. अध्यक्षांच्या हातात पुठ्ठ्याचा फलक होता: 'पातळ ऑइल, गलेलठ्ठ नफा!' बघता बघता गर्दी जमली. मच्छिंद्रने दुसरा सीलबंद डबा सगळ्यांसमोर फोडला आणि ओतून दाखवला. तेही तितकंच पातळ!

"पाहा लोकहो! अख्खा साठाच भेसळीचा!"

"काका, सिंथेटिक पातळच असतं! म्हणून तर ते थंड इंजिनात लगेच वर चढतं!"

"असं आरोपी सांगतोय!"

मच्छिंद्र फळीवरून खाली उतरला. "द्या तपासायला! भेसळ निघाली, तर दुकानाला कायमचं कुलूप लावीन. नाही निघाली, तर इथेच उभं राहून माझ्या गळ्यात हार घालायचा. कबूल?"

"एकदम कबूल!" श्रीनिवासराव गरजले. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत नमुना गेला. अहवाल शुक्रवारी मिळणार होता.

पण गाडीत ऑइल तर घालायला हवं! श्रीनिवासरावांनी दुसऱ्या दुकानातून स्वतः पारखून दाट, काळसर, सावकाश पडणारं ऑइल आणलं आणि मेकॅनिक उत्तरेश्वरला घरी बोलावलं. उत्तरेश्वर बीडकडचा, पुण्यात येऊन दहा वर्षं झालेली. त्याने डब्यावरचं वाचलं आणि हात मागे घेतला.

"काका, हे ट्रकचं हाय."

"ट्रक जास्त वजन ओढतो का ही गाडी?"

"ट्रकच. पण काका, हिचा टर्बो लई नाजूक हाय. त्याला पातळच लागतंय."

"जबाबदारी माझी!"

"मग लिहून द्या."

श्रीनिवासरावांना हा माणूस फार आवडला. त्यांनी तारीख, वेळ घालून लिहून दिलं, खाली सही केली आणि गाडीत ट्रकचं ऑइल गेलं.

शुक्रवारी अहवाल आला. त्यांनी तो जिन्यातच उघडला. नमुना चोख. पाण्याचा अंश नाही. घट्टपणा डब्यावर लिहिल्याप्रमाणे. श्रीनिवासराव तो तीनदा वाचत जिन्यात उभे राहिले. तेहेतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना चुका दाखवल्या होत्या. स्वतःची चूक पाहायची सवय नव्हती. आता सांगावं, तर सौमित्र उद्या येणार आणि परवाची गाडी हातची जाणार! एक फेरी होऊ दे, सोमवारी सांगू, असं ठरवून त्यांनी अहवालाची घडी शर्टाच्या खिशात घातली. त्या रात्री जेवताना त्यांनी भाताला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच वासंतीबाईंना संशय आला.

रविवार उजाडला. चांगलीच थंडी पडली होती. मागच्या सीटवर थर्मास आणि थालीपिठांचा डबा घेऊन वासंतीबाई, शेजारी सौमित्र, आणि स्टिअरिंगवर श्रीनिवासराव! समोरच्या खांबाकडे त्यांनी शेवटचं पाहून घेतलं आणि किल्ली फिरवली.

गाडी आधी कण्हली. मग कुणीतरी भांड्यांची पाटी जिन्यावरून सोडून द्यावी तसा खडखडाट झाला आणि समोर तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं. पान सत्त्याऐंशी! श्रीनिवासरावांना पान पाठ होतं. 'इंजिन तत्काळ बंद करावे.'

"बंद करा, बाबा! बंद करा!" सौमित्र किंचाळला. "काय घातलंय हिच्यात?"

श्रीनिवासरावांना घाम फुटला. रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर अहवाल बाहेर आला. तो वासंतीबाईंनी उचलला, चष्मा लावून वाचला, तारीख पाहिली.

"शुक्रवारचा आहे," त्या म्हणाल्या. "अहो, इथे मापात कुणी मारलं?"

सौमित्रने हात पुढे केला. श्रीनिवासरावांनी त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली. थालीपिठं घरीच खाल्ली गेली, आणि त्यांना ती गोड लागली नाहीत.

सोमवारी सकाळी सौमित्रने उत्तरेश्वरला बोलावलं. दाट ऑइल काढलं गेलं. नशिबाने नुकसान झालं नव्हतं. नवीन डबा आणायला सौमित्र नाना पेठेत गेला, तर मच्छिंद्रच्या दुकानासमोर गर्दी! पुढे सरकून पाहतो, तर बाबा. एकटेच. मंचाचे बाकीचे चौघे त्या दिवशी आजारी होते. मच्छिंद्रच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि बाबांच्या हातात तोच फलक, मागची बाजू पुढे करून: 'ऑइल चोख होते. चूक माझी. — श्रीनिवास बेहेरे, निवृत्त निरीक्षक.'

"काका, घातलात हार, झालं आता. घरी जा," मच्छिंद्र काकुळतीला आला होता. "गिऱ्हाईक बिचकतंय!"

"त्या दिवशी मी तीन तास उभा होतो. आज दोनच तास झालेत. माप पूर्ण होऊ द्या!" श्रीनिवासराव तडकले. "आणि हे घ्या." त्यांनी औषधाची एक छोटी बाटली फळीवर ठेवली. "चाळीस मिली. डब्यात जास्त आलं होतं. तुमचं तुम्हाला परत!"

मच्छिंद्र बाटलीकडे पाहत राहिला. सौमित्रही पाहत राहिला. अमेरिकेत असताना आपल्याला बाबांचं काय आठवत होतं, ते त्याला तिथे गर्दीत उभ्या उभ्या कळलं. उरलेला तासभर तो बाबांच्या शेजारी उभा राहिला, फलकाचं एक टोक धरून. तास संपल्यावर त्याने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी लाल गाडी सिंहगड रस्त्याला लागली. पोटात चार लिटर फुल्ली सिंथेटिक, इंजिनाचा आवाज सायीसारखा मऊ! श्रीनिवासरावांची छाती फुगली होती. मागे सतरा वाहनं खोळंबून हॉर्न वाजवत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एक सायकलवाला पुढे गेला. त्याच्या मागून उसाची बैलगाडीही गेली असती, पण तिला पंपावर वळायचं होतं.

"बाबा, थोडी पळवा ना," सौमित्र हळूच म्हणाला.

"वेगमर्यादा तीस आहे. बोर्ड वाचला नाहीस?"

तेवढ्यात धायरी फाट्याजवळ एक मोपेड गाडीच्या काचेला लागून चालू लागली. मोपेडवर मच्छिंद्र! रविवारचं मटण हँडलला लटकवून निघाला होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग वेगाच्या काट्याकडे, आणि मग काचेवर टकटक केली. श्रीनिवासरावांनी काच खाली केली.

"काका! या स्पीडला खोबरेलच पुरलं असतं!"

आणि मोपेड पुढे निघून गेली.

वासंतीबाई सहा महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या, आणि धरण येईपर्यंत हसत राहिल्या. श्रीनिवासरावांनी काच वर केली. काटा एकतीसवर गेला होता. त्यांनी पाय जरासा उचलला आणि तो बरोबर तिसावर आणला.