तसं फार दुखलं नाही

माणसाच्या शरीरातला एखादा तुकडा काढून घ्यायचा असेल, तर तो त्याला फारसा कळू न देता काढावा, हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. (सरकार कर घेताना हेच तत्त्व पाळते, पण तिथे अजून संशोधनाला वाव आहे.)

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या आसपास अशी उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या चिक्कार आहेत. त्यांतल्या एकीत व्हर्जिल टोलेफ्स्रूड नावाचा अभियंता अर्धे आयुष्य सुया करत आला होता. गाठीवर मोठी शस्त्रक्रिया न करता तिच्यात पोकळ सुई घुसवायची आणि शेवईएवढा तुकडा तपासणीसाठी काढायचा, हे त्या सुयांचे काम. ही कल्पना त्याला चर्चच्या तळघरातल्या जेवणात सुचली, असे म्हणतात. इकडे ट्रेमध्ये केकची शेवटची वडी उरली की ती कुणीही उचलत नाही. पहिला माणूस तिचा अर्धा भाग कापून घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा, तिसरा त्याच्याही अर्ध्याचा अर्धा. अखेर ट्रेमध्ये खसखशीएवढा ऐवज राहतो आणि सगळे तृप्त होऊन घरी जातात. तेव्हा हा धंदा इथेच फोफावला यात नवल नाही.

व्हर्जिलच्या चौथ्या नमुन्याच्या सुईत मात्र एक किरकोळ दोष होता. आतली स्प्रिंग सुटली की जोराचा खटका व्हायचा, हिसका बसायचा आणि दुखायचे. (भयंकर दुखायचे.) माणूस दचकला की सुई हुकायची आणि तुकड्याऐवजी नुसते रक्त यायचे. व्हर्जिलला हे पक्के ठाऊक होते. मऊ स्प्रिंगचा नवा आराखडाही त्याने करून ठेवला होता. पण तो आपण होऊन पुढे करायचा, म्हणजे मी तुमच्यापेक्षा शहाणा आहे असे सुचवायचे. आणि हे इकडे चोरीहून वाईट समजतात. शिवाय कंपनीचा नियम स्वच्छ होता : रुग्णाची तक्रार आली तरच बदल.

तक्रार काही येईना. चाचणीसाठी याच परिसरातले ऐंशी स्वयंसेवक बोलावले होते. शून्य ते दहा, किती दुखले, असे प्रत्येकाला विचारण्यात आले. सरासरी निघाली एक पूर्णांक दोन दशांश. तिघांच्या डोळ्यांतून पाणी आले, त्याची नोंद ‘हवा कोरडी’ अशी झाली. हॉकी शिकवणारे एक गृहस्थ बेशुद्ध पडले. शुद्धीवर येताच डॉक्टरांची क्षमा मागून, जमीन पुसायला फडके मिळेल का असे विचारून घरी गेले. (त्यांनी शून्य सांगितले.)

मग काही सुया न्यू जर्सीला धाडल्या, जिथे लोक मनातले तोंडावर बोलतात. तिथली सरासरी नऊ आली. रोझमेरी याकोबुची नामक बाईंनी दहापैकी चौदा दिले आणि डॉक्टरांच्या मातोश्रींचीही चौकशी केली. व्हर्जिलचे विभागप्रमुख ऑर्विल निगार्ड हळहळले.

“बिचारे लोक! तिकडे रहदारी फार आहे ना.”

कंपनीच्या समितीने निष्कर्ष काढला की सुई निर्दोष असून न्यू जर्सी सदोष आहे.

त्याच हिवाळ्यात मफलर गुंडाळताना व्हर्जिलच्या हाताला स्वतःच्या मानेतली गाठ लागली. साधी की वाईट, ते शेवईएवढ्या तुकड्यावर ठरणार होते. व्हर्जिल मनातून पार घाबरला. बायकोला, मार्लिसला, त्याने सांगितले की थोडी उत्सुकता आहे.

“हे बघ, दुखलं तर दुखलं म्हण,” मार्लिस म्हणाली. “इकडच्या माणसाची एक तक्रार पुरते ना तुमच्याकडे? मग तूच कर. तुझी ती मऊ स्प्रिंग तरी बाहेर येईल.”

“म्हणतो की.”

“‘म्हणतो की’ नको. म्हण! लग्न झाल्यापासून माझी भाजी तोंडात घालतोस आणि ‘वेगळी झालीये’ म्हणतोस. मला काय कळत नाही?”

दवाखान्यात डॉक्टर सॉल्व्हेग ब्रेके होत्या, नव्या, हसतमुख. सुई व्हर्जिलचीच, चौथ्या नमुन्याची. खटका झाला. व्हर्जिल टेबलावरून वीतभर उडाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“दुखलं का हो?” बाईंनी काळजीने विचारले.

व्हर्जिलने तोंड उघडले. शब्द जिभेवर आला होता. पण बाईंचा चेहरा एवढासा झालेला त्याला दिसला.

“तसं फार नाही,” तो म्हणाला. “हात हलका आहे हो तुमचा.”

“शून्य ते दहा सांगा ना.”

“एक.” मग एक म्हणजे तक्रारच झाली असे वाटून त्याने दुरुस्ती केली, “अर्धाच लिहा.”

तपासणीत नुसते रक्त आले.

“पुन्हा यावं लागेल,” बाई ओशाळून म्हणाल्या. “दुसऱ्या कंपनीची सुई आहे आमच्याकडे. तुमची हरकत नसेल तर...”

“छे छे, कशाला उगाच तुम्हाला त्रास! हीच चालेल.”

घरी मार्लिस दारातच उभी होती. “म्हणालास?”

“जवळजवळ.”

ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. इकडे हे रडणे समजतात.

ज्या सुईला खुद्द तिच्या कर्त्याने अर्धा गुण दिला, तिच्यावर शंका कोण घेणार? समितीने ती देशभर आणि परदेशीही पाठवायला संमती दिली. मऊ स्प्रिंगचा आराखडा खणात सुखरूप आहे. दुसऱ्या खेपेलाही रक्तच आले. गाठ साधी की वाईट, हे अजून कुणाला ठाऊक नाही. मध्यंतरी ती थोडी वाढली आहे. व्हर्जिलची तिसरी सुई येत्या गुरुवारी आहे. तो नर्सेससाठी केकच्या वड्या नेणार आहे.

वाचक म्हणतील, कसली ही भिडस्त माणसे, जीव गेला तरी बोलणार नाहीत! खरे आहे. तुमच्याकडे असे नाही. न्हावी मागे आरसा धरतो तेव्हा मानेकडे बघून तुम्ही ‘छान’ म्हणता, ते निराळे. आता ही सुई तुमच्याही गावात येतेच आहे, तेव्हा खरे काय ते सांगालच. मीही विचारणार होतो, कथा कशी वाटली म्हणून. पण राहू दे. उत्तर मला ठाऊक आहे.

‘वेगळी आहे.’