दम धर

माझ्या घरमालकीण जाधवकाकू मे महिन्यात रोज संध्याकाळी हॉलमधल्या दिवाणावर पोहायच्या. पालथ्या पडून, गाऊन सावरत, धपाधप पाय मारत. पाण्याशी त्यांचा संबंध बादलीपुरता. पण सुट्टीला आलेली नात मनू सकाळी टँकवर जे शिकायची, ते काकू कठड्यामागून बघून पाठ करायच्या आणि संध्याकाळी तिच्याकडून घोटून घ्यायच्या. "गुडघे नको वाकवू, सायकल चालवतेस का?" असं सांगताना स्वतःच धापा टाकायच्या. मनूने आमटीच्या वाटीत बुडबुडे काढले तरी रागवायच्या नाहीत. "श्वास चांगला सुटतोय," म्हणायच्या.

मी सुरगाण्याची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. नाशिक रोडला काकूंच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. पहिल्या महिन्यात वर्गातलं काहीच कळेना, तेव्हा पिशवी भरून गावाकडची जीप पकडायला निघाले होते. जिन्यात काकूंनी अडवलं. "कुठे निघालीस? दम धर." एवढंच. कारण विचारलं नाही. मी परत वर गेले. तेव्हापासून रोज निघताना ते ऐकते. उतू जाणाऱ्या दुधालासुद्धा काकू हेच सांगतात.

मनूचं मात्र एका जागी अडलं होतं. टँकच्या कडेचा दांडा ती सोडेना. रविवारी तिचे पप्पा पुण्याहून तिला न्यायला येणार होते. त्यांना तिने पोहून दाखवावं, ही काकूंची फार हौस. पोहायला शिकवणारे सर पाण्यातून सांगायचे, "सोड!" काकू कठड्यावरून ओरडायच्या, "दम धर, मनू, दम धर!" मनू दांडा आणखी घट्ट आवळायची.

शुक्रवारी काकू चिडल्या. "अगं, सोडत का नाहीस?"

"तूच तर म्हणतेस, धर!" मनू रडवेली झाली. "पाण्यात मला नुसतं धर-धरच ऐकू येतं, आजी."

मला हसू आवरेना. 

शनिवारी काकूंनी तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला आणि कठड्यामागे माझा हात पकडला. सर म्हणाले, "सोड." मनूने आजीकडे पाहिलं. काकूंनी ओठ मिटून नुसती मान हलवली. मनूने दांडा सोडला. पाणी उडवत, तिरकी-तिरकी का होईना, ती सरांपर्यंत पोचली. माझ्या हातावर काकूंची नखं उमटली होती.

रविवारी पप्पांना पोहून दाखवून मनू गेली. सोमवारी माझा पेपर होता. जिना उतरले तर काकू दिवाणावर नुसत्या बसलेल्या. मला पाहूनही काही बोलल्या नाहीत. मी दारातच घुटमळले.

"काकू, मला म्हणा ना."

"काय गं?"

"तेच. मला पूर्ण ऐकू येतं."

काकू उठल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन आल्या.

"दम धर," त्या म्हणाल्या. "आणि हा डबाही धर. शिरा आहे. सवयीने मनूपुरताही झाला."