काचेत अडकलेलं भाषण

“उद्या आपल्या गाडीत टाचणी पडली ना वृंदा, तरी खणकन ऐकू येईल तुला! लिहून ठेव!”

दत्तात्रय केळशीकर असं म्हणाले तेव्हा वृंदाताई खरोखरच लिहीत होत्या, पण दुसरंच काहीतरी. दिल्लीच्या पहाडगंजमधल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून त्या उद्या निवृत्त होणार होत्या. चार वाजता निरोपसमारंभ, आणि त्यात त्यांचं भाषण. पंधरा दिवस त्या लिहीत होत्या, खोडत होत्या, परत लिहीत होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना भाषणं लिहून दिलेल्या बाई, पण स्वतःची तीन पानं लिहिताना नाकी नऊ आले!

“मी मेट्रोनंच जाते,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुमच्या गाडीतल्या शिट्टीनं डोकं उठतं. जाताना भाषण एकदा मोठ्यानं म्हणून बघायचं होतं. पण ऐकणार कोण?”

आता या शिट्टीचं सांगायला हवं. केळशीकरांची गाडी बारा वर्षांची. तिच्या काचा वर केल्या तरी वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट राहायची. काटा पन्नासच्या पुढे गेला की फटीतून वारा घुसायचा आणि शिट्टी सुरू! फरीदाबादहून गुरुग्रामला लेकीकडे, केतकीकडे, जाताना तासभर हीच साथ. वृंदाताई बोलायच्या आणि केळशीकर ‘हं’ म्हणायचे. ऐकू आलं तरी ‘हं’, नाही आलं तरी ‘हं’. माणूस केंद्र सरकारात छत्तीस वर्षं काढलेला. फाइल न उघडता ‘पाहिले’ लिहायचा हात बसलेला. घरात बातम्या आणि गाडीत शिट्टी, असा त्यांचा संसार तसा सुखाचाच चालला होता.

पण “ऐकणार कोण?” हे मात्र त्यांना लागलं. का लागलं, ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. मेकॅनिकनं तर केव्हाच हात झटकले होते. “साहब, बारह साल पुरानी गाड़ी है, सीटी तो मारेगी ही!” मग केळशीकरांनी पक्कंच ठरवलं, आपला हात जगन्नाथ!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते नवं रबर, चिकटवायच्या पेस्टची मोठी ट्यूब आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ घेऊन पार्किंगमध्ये उतरले. व्हिडिओतला माणूस सांगत होता, रबर बसवा, कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी काचेच्या कडेवर टाका, काच वर घ्या आणि पट्टी ओढून बघा. सुळकन निघाली तर फट आहे. हलली नाही तर काम फत्ते.

पट्ट्या! केळशीकर तडक वर आले. टेबलाच्या खणात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. असा कागद फेकणं म्हणजे त्या घरात महापाप. दूधवाल्याचा हिशेब पाठकोऱ्यावर, वाणसामानाची यादी पाठकोऱ्यावर, केतकीनं तर अख्खं बीजगणित पाठकोऱ्यावर केलं. गठ्ठ्यात छापील बाजू वर ठेवायची, हा नियमही केळशीकरांचाच. चौतीस वर्षांत वृंदाताईंनी तो एकदाही मोडला नव्हता. कालही मोडला नाही. भाषण पुरं झालं, तशी तिन्ही पानं त्यांनी छापील बाजू वर करून गठ्ठ्यावर अलगद ठेवली आणि त्या झोपायला गेल्या.

केळशीकरांनी वरची तीन पानं उचलली. स्वतःच्याच ऑफिसचं जुनं परिपत्रक दिसलं. पान उलटून बघायचा प्रश्नच नव्हता. पट्टीनं रेघा मारल्या, कात्री घेतली आणि एकेका पानाच्या बारा, अशा छत्तीस आडव्या पट्ट्या कापल्या. सरकारी माणूस तो! प्रत्येक पट्टीवर छापील बाजूला क्रमांक घातला. तेवढ्यात पंख्यानं सगळ्या उडाल्या, मग क्रमांक घातले ते हाताला येतील तसे.

तीन दारांना प्रत्येकी बारा पट्ट्या लागल्या. चौथ्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दाराशी पोचेपर्यंत ट्यूब संपली. असू दे, एक दार राहिलं तर काय बिघडलं? त्यांनी एक पट्टी ओढली. हलेना! दुसरी ओढली. हलेना! केळशीकरांना असा आनंद बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मग त्यांनी ट्यूबवरच्या सूचना वाचल्या. ‘चार तास दार उघडू नये, काच हलवू नये.’ घड्याळात दीड वाजला होता.

शेजारचे चावलाजी भाजी घेऊन येत होते. गाडीभोवती फडफडणाऱ्या पट्ट्या बघून थांबले. “केळशीकर जी, घर में शादी है क्या? गाड़ी तो बड़ी सजाई है!”

आणि वरून हाक आली, “अहो! खणातलं माझं भाषण कुठं गेलं?”

केळशीकरांनी पटकन एक पट्टी उलटून पाहिली. मागच्या बाजूला निळ्या शाईत ते ओळखीचं, गोल, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर होतं. ‘माझ्या पहिल्या वर्गात अकरा’ एवढंच. पुढचं काचेच्या आत.

वृंदाताई खाली आल्या. अंगावर आमसुली रंगाची रेशमी साडी, केसांत गजरा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चार ठिकाणी वाकून वाचलं. रागावल्या असत्या तर केळशीकरांना परवडलं असतं. त्या रागावल्या नाहीत.

“याची दुसरी प्रत नाही हो माझ्याकडे,” एवढंच म्हणाल्या.

केळशीकरांनी घाईनं एक पट्टी ओढली. ती टरकन फाटली आणि त्यांच्या हातात नुसतं ‘माननीय’ आलं.

शाळेत परस्पर पोचणाऱ्या केतकीला फोन लागला. “बाबा, तुम्ही पण ना यार! सरळ कॅब करा आणि आईला घेऊन या.”

“कॅबनं कसं येणार? भाषण गाडीत आहे!”

“मग भाषण काढा.”

“ते निघत नाही.”

“मग?”

“मग गाडीच येईल!” केळशीकर ठासून म्हणाले.

उघडत होतं फक्त त्यांचं दार. त्यामुळे रेशमी साडी, गजरा आणि एकतीस वर्षांची सेवा यांना स्टिअरिंगखालून, गिअरवरून, पलीकडच्या सीटवर जावं लागलं. चावलाजींनी सभ्यपणे तोंड फिरवलं. वृंदाताई बसल्या, पदर सावरला आणि आत लोंबणारी पहिली अर्धी पट्टी हातात धरली.

गाडी मथुरा रोडला लागली. केळशीकर बिचकत चाळीसच्या आतच चालवत होते. आत कमालीची शांतता! टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती. वृंदाताई वाचत होत्या, “...मुलं होती, आणि त्यातल्या चौघांना... पुढचं बाहेर. ...म्हणून मी रडले नाही, कारण... हेही बाहेरच.”

“थांब, मी बाहेरचं वाचतो,” केळशीकर म्हणाले आणि एका नारळपाणीवाल्याशेजारी त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले. मागून बस अंगावर आल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी दार धाडकन लावून घेतलं आणि वळसा घालून पलीकडच्या काचेशी आले. पट्टी उलटून त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

वृंदाताईंनी कानावर हात ठेवून मान हलवली. रस्त्याच्या गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं.

ते ओरडले. काहीच नाही! मग आतून वृंदाताई बोलायला लागल्या. काच पेस्टनं दुधाळ झाली होती. तिच्यापलीकडे त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होता, कपाळावर आठी होती. काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या. केळशीकरांनी काचेला कान लावला. नुसतं गार लागलं.

“बाबूजी, मैडम कुछ कह रही हैं,” नारळपाणीवाला म्हणाला.

“हाँ.”

“क्या कह रही हैं?”

“पता नहीं,” केळशीकर म्हणाले.

आणि म्हणता म्हणताच त्यांना वाटलं, हे दृश्य आपल्या अगदी ओळखीचं आहे. बाई बोलतेय आणि आपण मान डोलावतोय. आतापर्यंत मध्ये शिट्टी होती, आज काच आहे, एवढाच काय तो फरक. उन्हात उभ्या केळशीकरांना एकदम फार वाईट वाटलं. समोरची पट्टी त्यांनी उलटली. तिच्यावर शेवटचे तीनच शब्द होते, ‘एकदाही विचारलं नाही.’

कुणी? कुणाला? काय?

ते परत येऊन आपल्या जागेवर बसले. “काय सांगत होतीस?”

“साडेतीन वाजले, राहू दे आता, असं सांगत होते,” वृंदाताई म्हणाल्या. “चला.”

शाळेत त्या रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत केतकीशेजारी केळशीकर बसले होते, खिशात ‘माननीय’ घेऊन. वृंदाताईंनी मुलांच्या एकेका रांगेवरून नजर फिरवली. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

“मुलांनो, मी भाषण लिहिलं होतं,” वृंदाताईंनी सुरुवात केली. “ते आज माझ्याकडे अर्धंच आलं. अर्ध्या ओळी आत, अर्ध्या बाहेर. येताना मला वाटलं, हे तर मी एकतीस वर्षं ऐकतेच आहे! ‘बाई, काल मी ना आजीकडे गेलो और वहाँ पे...’ हेच ना? अर्धी ओळ मराठी, अर्धी हिंदी. कुणाला ‘उंबरठा’ आठवत नाही, कुणाला ‘परवा’ आठवत नाही. नवी नवी होते तेव्हा मी मुलांना मध्येच अडवायची, शब्द सुधारायची. मुलं गप्प बसायची. मग एकदा एक मुलगी मला म्हणाली, ‘बाई, आधी ऐका तर!’ तेव्हापासून मी ऐकायला लागले. बोलणाऱ्याला अर्धंच येत असेल, तर उरलेलं ऐकणाऱ्यानं भरून घ्यायचं असतं. मी तुम्हाला शिकवलं असेल नसेल, पण तुमचं ऐकलं मात्र खूप.”

टाळ्या थांबेनात. केतकी डोळे पुसत म्हणाली, “बाबा, आई किती छान बोलते! आपल्याला कधी कळलंच नाही.”

केळशीकर ‘हं’ म्हणणार होते. त्यांनी ते गिळलं.

चहापाणी चाललं होतं तेव्हा ते हळूच गाडीपाशी गेले. चार तास होऊन गेले होते. पलीकडचं दार आता कुरकुरत का होईना, उघडलं. ती एक पट्टी त्यांनी नखानं सोलून सोलून अख्खी काढली आणि वाचली. ‘यांनी मला नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही, याचे आभार. आज शाळेत काय झालं, हे मात्र एकदाही विचारलं नाही.’

भाषणात हे वाक्य आलं नव्हतं. विसरल्या म्हणून राहिलं की मुद्दाम गाळलं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. पट्टी घडी करून त्यांनी ‘माननीय’शेजारी ठेवली.

परत निघाले. रस्ता मोकळा मिळाला, काटा पन्नासच्या पुढे गेला आणि केळशीकरांच्या स्वतःच्या कानाशी, त्या चौथ्या दारातून, शिट्टी सुरू झाली! वृंदाताईंना हसू फुटलं. केळशीकर हसले नाहीत. त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी पस्तीसवर आणली. शिट्टी थांबली. मागे ट्रक, बस, टेम्पो एकसुरात हॉर्न वाजवू लागले.

“अहो, अशानं घरी पोचायला दोन तास लागतील!”

“लागू देत.” त्यांनी घसा साफ केला. “वृंदा, आज शाळेत काय झालं?”

“म्हणजे? तुम्ही होतात की तिथं!”

“तरी सांग. आणि आधीचंही सांग. सगळं, अगदी पहिल्यापासून.”

वृंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग गजरा काढून डॅशबोर्डवर ठेवला, सीट थोडी मागे घेतली आणि नीट बसल्या.

“पहिल्यापासून ना? मग गाडीपासूनच सुरू करते. ही गाडी घेऊन शोरूममधून घरी येत होतो, त्याच दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की काच नीट बसत नाहीये, बारीक शिट्टी येतेय, आत्ताच्या आत्ता मागे फिरा, ते फुकट बदलून देतील.”

“अगं, मग मी काय म्हणालो?”

“हं.”