वारा वाढणारे मोरेकाका

आमच्या महाडच्या डायलिसिस सेंटरमध्ये पेशंट आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो. मोरेकाका आधी बोट ओलं करून छताकडे धरतात. "शिस्टर, आज वारा गायकवाड बाईंच्या डोक्यावर ओततोय," असा निकाल दिला की मग काट्यावर. वजन किती वाढलंय ते ऐकायलासुद्धा थांबत नाहीत.

काका तुडील गावचे. उभी हयात मुंबईत एसीच्या डक्टचा पत्रा वाकवण्यात गेली. बायको वारली, मुलगा तिकडेच, हे एकटे एसटीने येतात. ज्या हाताला मशीनच्या सुया तो हलवायचा नसतो, म्हणून बोलताना दुसरा हात दोन्ही हातांचं काम करतो. "वारा वाढायचा असतो, ओतायचा नसतो," हे त्यांचं वाक्य मी इतकं ऐकलंय की घरी वरण वाढताना माझ्या तोंडात येतं.

गाऱ्हाणं मात्र खरं होतं. आमच्याकडे एकच एसी. डक्टमधून तो हॉलला, पाण्याच्या मशीनच्या खोलीला आणि डॉक्टरांच्या केबिनला वारा पुरवतो, आणि थंडी किती ते ठरवणारा थर्मोस्टॅट केबिनमध्ये. केबिनवर दुपारचं ऊन. तिथे गारवा येईपर्यंत हॉलमधले पेशंट कुडकुडणार. डायलिसिसवर माणसाला आधीच थंडी वाजते.

सगळ्यात जास्त हाल काकांच्या शेजारच्या गायकवाड बाईंचे. पोलादपूरच्या निवृत्त शिक्षिका. एसीची जाळी बरोबर त्यांच्या डोक्यावर, आणि पाण्याची लाइन तिथेच असल्याने पलंग हलवता येत नाही. चार तासांतला तिसरा लागला की म्हणायच्या, "सिस्टर, काढा मला." डॉक्टर बजावायचे, मी विनवण्या करायचे. पण अर्ध्यातून उठलं की अंगातलं पाणी पुरतं निघत नाही. पुढच्या खेपेला पाय सुजलेले, दारातून आत येईपर्यंत धाप. असं फार दिवस चालत नाही, हे मला ठाऊक होतं आणि बाईंनाही.

काकांनी एकदा माझा डोळा चुकवून सफाईच्या मावशींकडून बाईंच्या जाळीवर पुठ्ठा ठोकून घेतला. मग चेव आला आणि आणखी तीन जाळ्या बुजवल्या. कोंडलेला वारा जाणार कुठे? एसीच्या कॉइलवर बर्फ धरला, पाणी माझ्या टेबलावर ठिबकलं आणि एसी बंद पडला. सगळा हॉल घामाघूम. "मी पत्रेवाला, शिस्टर. मशीन माजं खातं नाय," एवढं म्हणून हा माणूस मोकळा.

मेकॅनिक आला. म्हणाला, केबिनला वेगळा एसी घ्या, नाहीतर प्रत्येक डक्टमध्ये मोटरवर उघडमीट होणारी झडप बसवा आणि ज्या त्या खोलीला तिचा थर्मोस्टॅट द्या. डॉक्टरांनी मोटरच्या झडपा मागवल्या. त्या येईपर्यंत हॉलच्या जाळ्यांना हाताने फिरवायच्या साध्या झडपा बसवायचं ठरलं.

"काका, एवढा जीव का टाकता हो?" मी विचारलं.

"बाईंच्या आधी त्या पलंगावर व्हता तो रिक्षावाला असाच निम्म्यातनं उठायचा. मंग यायचाच थांबला. माज्याशी बोलनारा तो येकच होता, शिस्टर. बाईंना तरी पुरा टायम झोपू द्या."

रिक्षावाल्याला आम्हीही विसरलो नव्हतो.

झडपा बसल्या. बाईंची जाळी बंद केली. तिसरा तास सरला, चौथा लागला, बाई चक्क घोरत होत्या. मी हरखून काकांकडे वळले, तर त्यांचे दात वाजत होते. बाईंच्या वाट्याचा वारा कुठेतरी सोडायलाच हवा होता. मेकॅनिकच्या कानात सांगून काकांनी तो स्वतःवर घेतला होता.

"कुनावर तरी जानारच ना," ते कुजबुजले. "हळू बोला. बाई उठतील."

मशीन वाजलं तेव्हाच बाई उठल्या. पहिल्यांदाच त्यांचं डायलिसिस पूर्ण झालं होतं. सुया निघाल्या, पट्टी बांधून झाली, तोवर त्या काकांकडे बघत होत्या. मग उठून त्यांनी आपलं ब्लँकेट काकांच्या अंगावर घातलं.

"एवढं बोलता, मोरे," त्या म्हणाल्या, "मग थंडी वाजते एवढंच सांगता येत नाही?"

काकांचं डायलिसिस संपायला अजून तासभर होता. बाईंनी स्टूल ओढून घेतलं, त्यांच्या पलंगाशी बसल्या आणि पोलादपूरची एसटी जाऊ दिली.