चोरलेली वीजमुळी

नोटबुर्गानं छप्पर दुरुस्त करायला माणूस बोलावला आणि त्यानं काम अगदी मनापासून केलं, इथंच घोटाळा झाला. वडिलांनी चाळीस वर्षं छपरावर पसरू दिलेली वीजमुळी, त्या जाड पानांच्या, गुलाबासारख्या झुबक्यांची हिरवी सतरंजी, त्या माणसानं, कोर्बिनियाननं, खरवडून दरीत फेकली.

"शेवाळ होतं ना, ताई?"

"घरावर वीज पडू नये म्हणून लावतात ती."

"आमच्या शहरात तारा लावतात," तो ओशाळून म्हणाला.

रविवारी वडिलांच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना होती. त्यांच्याच छपरावरची मुळी त्यांच्या थडग्यावर लावायची, एवढंच तिनं वर्षभर ठरवलं होतं. आता तिच्या माहितीत त्या मुळीचं पिल्लू, तिच्यापासून फुटलेलं रोप, एकाच ठिकाणी होतं: शेजारच्या क्रेसेंझमावशींच्या सरपणाच्या खोपीवर.

"मावशी, एक देता?"

"देऊ? दिलेली रुजते का कधी, पोरी? चोरावी लागते. मी तुझ्या बापाचीच चोरली होती." मावशींनी शेंगांचं टोपलं मांडीवर घेतलं आणि पाठ फिरवली. "शिडी मागं आहे. मला काही ठाऊक नाही."

नोटबुर्गा वर चढली. मूठभर मुळी निघाली आणि त्याच झटक्यात शिडी आडवी झाली.

"मावशी! शिडी!"

"कोण बोलतंय? वर तर कुणीच नाही."

"अहो, चेष्टा पुरे!"

"बघितलं तर चोरी कसली? थांब, कुणी येतं का बघू."

अर्ध्या तासानं फादर आले. त्यांनी वर पाहिलं, मग मावशींकडं. "क्रेसेंझ, छपरावर कुणी आहे?"

"मला तर दिसत नाही, फादर."

"मलाही नाही," म्हणत त्यांनी पाठमोरे होऊनच शिडी टेकवली.

"तुझा बाप निम्मं गाव मुळी चोरायला त्याच्या छपरावर चढताना बघायचा," मावशी शेंगा सोलतच म्हणाल्या, "आणि खिडकीत उभा राहून ढगांकडं टक लावायचा. पाऊस नसला तरी."

खाली उतरलेली नोटबुर्गा वर्षभरात पहिल्यांदा हसली आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

रविवारी मुळी थडग्यावर लागली. सगळे पांगले, तरी कोर्बिनियान टोपी चुरगाळत उभाच होता.

"ताई, वरच्या आळीत घर घेतलंय. रागावणार नसाल तर... यातलं एक पिल्लू द्याल?"

"मुळीच देणार नाही," ती ठणकावून म्हणाली, आणि वळून शेजारच्या थडग्यावरचं नाव एकेक अक्षर लावत, सावकाश वाचू लागली.